धार काढणं

धंदा काय, असं कुणी विचारलं तर मी सांगतो : धार काढतो.
लोक म्हणतात, म्हैस किती लिटरची?
म्हशीची नव्हे हो. तलवारीची.

माझा आजा धार लावायचा.
सुगीच्या तोंडावर त्याच्या दारात विळ्या-कोयत्यांची रांग,
अख्ख्या वाईला त्याचं चाक ऐकू यायचं म्हणे.
आणि मी, बाबालाल गुलाब शिकलगार,
कानस घेऊन पात्यांची धार मारत बसतो.
एकाही पोराचा कान तुटता कामा नये
असं कंपनीला लिहून दिलंय, सहीनिशी.

मेणवलीच्या अलीकडं माळावर किल्ला उभा आहे.
प्लायवूडचा. गेल्या साली राजपुतांचा होता,
झरोके, मोरांची कमान.
दिवाळी झाल्यावर चार सुतार आले,
मोर खरवडले, जाळी ठोकली, आग्रा झाला.
आता काळा दगड रंगवलाय, वर भगवा.
मागच्या अंगानं गेलात तर
तिन्ही रंगांचे ओघळ अजून दिसतात
आणि खडूनं लिहिलेलं : इथं थुंकू नये.

पाती सगळी एकाच गठ्ठ्यातली, ॲल्युमिनियमची.
मुठी तेवढ्या वेगळ्या.
रात्री निरोप येतो, भाई, उद्या सत्तर मोगल,
की स्क्रूचा डबा मांडीशी घेऊन बसलोच.

पसरणीचा प्रल्हाद उंच, दाढी दाट,
म्हणून तो कायम मोगल.
अठ्ठावीस वेळा पडलाय आतापर्यंत.
त्याची आई आठाला टीव्हीपुढं बसते,
लेक पडला की आधी टाळ्या वाजवते,
मग फोन करते, लागलं नाही ना रं?

मला कुणी कुठल्या बाजूला उभं करत नाही.
एकदा चहाच्या गाडीपाशी नवं पोरगं म्हणालं,
चाचा, तुम्ही मोगलांत का जात नाही? पैसेही बरे आहेत.
म्हटलं, गुडघे दुखतात.
दुखतात खरंच.

माघात डायरेक्टर म्हणाला,
राजाचे डोळे पात्यात दिसले पाहिजेत,
लिंबू हवेतल्या हवेत कापलं पाहिजे.
खरं लोखंड घ्या, भाई. धार लावा.

अकरा वर्षांनी आज्याचं चाक माळ्यावरून उतरवलं.
पट्टा उंदरांनी खाल्लेला.
बायकोच्या जुन्या परकराची नाडी दुहेरी वळून बांधली
आणि रात्रभर पाय मारला.
कुरुंदाचा तो जळका वास,
कोंबडी दोनदा खुराड्यात उठून बसली.
पहाटे पातं अंगठ्याच्या नखावर टेकवलं.
घसरलं नाही. चावलं.
आजा म्हणायचा, चांगली धार आवाज करत नाही.

राजा आला. त्याचा घाम टिपला.
लिंबू सात वेळा नुसतंच खाली पडलं,
आठव्यांदा दोन फोडी.
एक मी उचलून खिशात घातली, का ते माहीत नाही.
तेवढ्यात इन्शुरन्सवाला : भाई, आता काढा ती धार.
काढली. तिथंच, दगडावर बसून,
रात्रभराचं काम दहा मिनिटांत.
माणसं पुढच्या लढाईला गेली होती.

सोमवारी घरी सगळ्यांनी मिळून बघितलं.
दोन सेकंद.
मी न लावलेली एक वीज पात्यावर चमकली,
म्यानातून उपसताना सळ्ळ असा आवाज आला.
चामड्याच्या म्यानातून असा आवाज येतो का कधी?
पण कुणाला सांगणार.
नात म्हणाली, दादा, ही आपली तलवार?
म्हटलं, धार आपली होती.
तोवर जाहिरात लागली, साबणाची.

बायको आतून म्हणाली,
तुमच्या राजाचं झालं असेल
तर ही विळी बघा जरा.
चार महिने झाले, कांदा कापत नाही, चेचते नुसता.

चाक अजून ओसरीवरच होतं.
नाडी सैल पडलेली.
ओढून घेतली.